साधा कॅमेरा आणि घरची छायाचित्रे

(रिठद येथील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस ह्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शिक्षण, शेती, हुंडाबंदी, विवाहातील काटकसर ह्या विषयांवर ह्याच व्यासपीठावरून अधिकारी वक्ते दरसाल बोलत आले आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले व खेड्यातील शाळेत खडू-फळ्याच्या संगतीत नोकरी पुरी केलेले शिक्षक. त्या मोठ्या विषयांना हात घालण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि गेली काही वर्षे स्मरणिकेकरिता सभासदांकडून येणारी छायाचित्रे निवडून लावण्याचे काम आमच्याकडे आहे. ते करीत असता जे ध्यानात आले, तेवढेच आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे. विषय लहान आहे. घरातील साध्या, स्वस्त कॅमेऱ्याने चांगले छायाचित्र कसे काढावे, इतकाच. परंतु त्यात आपल्या घरांची एक मोठी गरज गुंतलेली आहे, ती प्रथम सांगतो.

स्मरणिकेत मुख्यतः तीन प्रकारची छायाचित्रे येतात. गुणवंत विद्यार्थ्यांची, उपवर मुलामुलींची आणि दिवंगत ज्ञातिबांधवांची. पहिली दोन बहुधा बरी असतात, कारण ती मुद्दाम काढविलेली असतात. तिसऱ्या प्रकारची पाहून मात्र मन खिन्न होते. ज्या माउलीने साठ-सत्तर वर्षे घराचा गाडा ओढला, तिचे छायाचित्र म्हणून आधार कार्डावरील बोटाच्या पेराएवढा चेहरा मोठा करून येतो. एखाद्या आजोबांचा चेहरा कुणाच्या तरी लग्नातील घोळक्यातून कापून काढलेला असतो. शेजारच्याचा खांदा त्यात तसाच राहिलेला असतो. मोठा करता करता डोळे पुसट होतात, नाक-ओठ एकमेकांत मिसळतात, आणि मग स्टुडिओवाला त्यावर कोट व टोपी चढवून देतो. घरात चार-चार मोबाईल आहेत, त्यांत फोटोंची हजारांनी गर्दी आहे, आणि आजीचा एक धड फोटो नाही, अशी अवस्था बहुतेक घरांची आहे. तिच्या पतवंडांना आजी म्हणजे ती पुसट आकृतीच काय ती ठाऊक होणार. हे टाळणे आपल्या हाती आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही, एवढे पटवून देण्याकरिताच हे भाषण आहे.

छायाचित्रणाची कला आपल्या महाराष्ट्रात नवी नव्हे. युरोपात १८३९ साली ती जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईस छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय करीत असता नामांकित छायाचित्रकार म्हणूनही त्या काळी प्रसिद्ध होते. परंतु तेव्हा हे काम श्रीमंतांचे व जाणत्यांचे होते. काचेच्या तबकड्या, रसायने, तिवई असा मोठाच बारदाना लागे. सन १९०० मध्ये कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा पेटीसारखा कॅमेरा एक डॉलरला विकावयास काढला, आणि सामान्य माणसाच्या हाती प्रथमच कॅमेरा आला. आपल्याकडे मागील पिढीतील मंडळींना बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा आठवत असेल. त्यात फिरविण्याजोग्या कळा दोन-तीनच होत्या. तरीही त्या काळी अशा साध्या कॅमेऱ्यांनी काढलेले किती तरी फोटो आजही अनेक घरांच्या भिंतींवर स्पष्ट आहेत.

त्याचे कारण असे की, एका रोलात मोजकीच छायाचित्रे निघत आणि रोल व धुलाई यांना पैसे पडत. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी काढणारा विचार करी. उजेड कोठून येतो, माणूस कोठे उभा आहे, मागे काय आहे, हे तो पाही. आजच्या कॅमेऱ्यात छायाचित्रास पैसा पडत नाही, म्हणून विचारही पडेनासा झाला आहे. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या पूर्वी, त्यांनी कुंडीत लावलेल्या एका रोपाच्या वाढीचा चित्रपट केला. दररोज थोडे थोडे चित्रण करून दाण्याचे रोप कसे होते ते त्यांनी पडद्यावर दाखविले. हाताने फिरविण्याचा एक कॅमेरा, एक कुंडी आणि दिवसेंदिवस टिकणारे अवधान, एवढीच ती सामग्री. आपल्याजवळ आज त्याहून अधिक सोयीचे यंत्र आहे. कमी आहे ते अवधान.

आता यंत्राकडे वळू. सन २००५ ते २०१२ च्या सुमारास पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलांनी घरोघरी लहान डिजिटल कॅमेरे आणले. पुढे मोबाईल आले व ते कॅमेरे कपाटात गेले. अलीकडे शहरांतील तरुण मंडळी तेच जुने कॅमेरे पुन्हा हौसेने वापरू लागली आहेत, असे ऐकतो. आपल्या कपाटात असा कॅमेरा असेल तर तो बाहेर काढावा. त्याला खरे झूम असते, फ्लॅश मोबाईलच्या दिव्याहून जोरकस असतो, आणि फोटो काढता काढता मध्येच कुणाचा फोन येत नाही. मात्र तो ठेवून देताना त्यातील सेल काढून ठेवावेत. सेल पाझरले म्हणजे आतील पत्रे गंजतात. ज्यांच्याकडे असा कॅमेरा नाही, त्यांनी खेद मानू नये. पुढे जे सांगणार आहोत, त्यातील बहुतेक भाग मोबाईललाही जसाच्या तसा लागू आहे.

ह्या लहान कॅमेऱ्याची खरी उणीव कोणती, हे एकदा समजले म्हणजे बाकीचे सर्व नियम आपोआप सुचतात. भिंगाच्या मागे उजेड टिपणारी एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. साध्या कॅमेऱ्यात ती बहुधा ६ मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याहून फारशी मोठी नसते. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे. मोठ्या किमतीच्या कॅमेऱ्यांत आजही तेवढी चकती असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ही चकती आपल्या चकतीच्या सुमारे तीसपट भरते. पावसात पागोळीखाली वाटी ठेवली आणि घंगाळ ठेवले, तर ज्या फरकाने पाणी साचेल त्या फरकाने हे दोन कॅमेरे उजेड साठवितात. मुसळधार पावसात वाटीही भरते. तद्वत् उजेड भरपूर असला म्हणजे लहान कॅमेरा मोठ्याच्या जवळपास काम करतो; उजेड कमी झाला की चित्र रवाळ व पुसट होते. सारांश, लहान कॅमेऱ्यास उजेडाची भूक आहे, ती भागविणे हे आपले काम.

येथे कुणी म्हणेल, आपल्या वऱ्हाडात उन्हाला काय तोटा? तोटा नाही, उलट अतिरेक आहे. आपले रिठद सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. आपली लग्ने नेमकी मे महिन्यात, आणि पुष्कळ मुहूर्त दुपारचे. अशा वेळी उघड्यावर काढलेल्या फोटोत कपाळ व नाकाचा शेंडा पांढरा पडतो, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी दिसतात, आणि वधूवरांसह सर्व वऱ्हाड आठ्या घालून उभे असते. ह्यात कॅमेऱ्याचा काय दोष? तेव्हा दुपारी माणसांना कडूनिंबाच्या किंवा वडाच्या दाट सावलीत घ्यावे. पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडत नाहीत, एवढे पाहावे. सावली नसेल तर भर उन्हातही फ्लॅश चालू ठेवावा. त्याने डोळ्यांखालील काळोखी बरीच निवळते. मांडवात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कापड लाल किंवा पिवळे असले म्हणजे त्यातून गाळून आलेला उजेड सर्वांचे चेहरे त्याच रंगाचे करतो. म्हणून घरच्या माणसांचे फोटो मांडवाच्या मध्यभागी घेण्यापेक्षा कडेला, जेथे बाहेरचा पांढरा उजेड येतो तेथे घ्यावेत.

सर्वांत उत्तम उजेड सकाळी ऊन कोवळे असताना आणि सायंकाळी सूर्य कलल्यावर. आपल्या पूर्वजांनी गोरज मुहूर्त नेमला तो छायाचित्राकरिता नव्हे हे खरे. परंतु गुरे घरी परतण्याच्या वेळी तिरप्या उन्हाचा जो सोनेरी झोत चेहऱ्यावर येतो, तो कोणत्याही स्टुडिओत विकत मिळत नाही. तो फार वेळ टिकत नाही. यास्तव ज्यांचे लग्न गोरज मुहूर्तावर असेल, त्यांनी आईवडिलांना व आजीआजोबांना आधीच तयार ठेवावे आणि अक्षता पडण्यापूर्वी त्यांचे फोटो उरकून घ्यावेत. नंतर पंगत, आहेर आणि निरोप यांच्या गडबडीत कुणी कुणास सापडत नाही.

घरात फोटो काढावयाचा तर आपल्या जुन्या घरांची ओसरी ही नैसर्गिक चित्रशाळाच होय. ज्याचा फोटो काढावयाचा, त्यास दारापासून किंवा ओसरीच्या कडेपासून दोन हात आत बसवावे व तोंड उजेडाकडे, जरासे तिरपे करावे. एका बाजूने येणारा हा शांत उजेड चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुती आदराने दाखवितो. काढणाऱ्याने स्वतः उजेडाच्या बाजूस, पण आपली सावली पडणार नाही असे उभे राहावे. ह्याच्या उलट, माणूस दारात उभा आणि त्याच्या पाठीमागे उन्हाने लखलखणारे अंगण, अशी रचना कधीही करू नये. अंगण उत्तम येते आणि माणूस कोळशासारखा येतो.

तो कोळशासारखा का येतो, हे विद्यार्थी मित्रांनी नीट समजून घ्यावे. कॅमेऱ्याला मनुष्य व भिंत यांतील भेद कळत नाही. समोरच्या सगळ्या उजेडाची तो सरासरी काढतो, आणि ती सरासरी मध्यम करण्यासाठी चित्र गडद किंवा फिकट करतो. वर्गाच्या सरासरी गुणांवरून प्रत्येक मुलाची पारख करणाऱ्या तपासनिसासारखाच हा प्रकार आहे. कापसाच्या ढिगापुढे शेतकरी उभा केला, किंवा चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढरे धोतर नेसलेले आजोबा बसविले, तर सरासरी फार उजळ भरते. कॅमेरा सर्वच काळवंडून टाकतो आणि चेहरा हरवतो. बहुतेक लहान कॅमेऱ्यांत अधिक-उणे अशा चिन्हांची सोय असते. पांढरे पुष्कळ असेल तर ती एका पायरीने अधिककडे न्यावी; काळ्या दारापुढे पांढरा फेटा असेल तर उणेकडे. ही खटपट नको असेल तर पांढरी भिंत टाळावी. मातीची भिंत, जुने लाकडी कवाड, तुरीचे हिरवे शेत ही पार्श्वभूमी आपल्या माणसांच्या वर्णास फार शोभून दिसते.

वर्णाचा विषय निघालाच आहे, तर उपवर मुलामुलींच्या पालकांना एक विनंती करतो. अलीकडे मोबाईलवर चेहरा गोरा व गुळगुळीत करण्याची सोय झाली आहे. परिचयपत्रिकेकरिता येणाऱ्या फोटोंत, विशेषतः मुलींच्या, निम्म्याअधिक चेहऱ्यांना हा चुना लावलेला दिसतो. गळा सावळा आणि चेहरा पांढरा, असे फोटो आमच्या हाती येतात. पुढे पाहुणे घरी येतात, फोटो व मुलगी यांत अंतर पाहतात आणि चहा घेऊन निघून जातात. मग घरातील त्या लेकीने काय समजावे? ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलाचे रूप शतकानुशतके डोळे भरून पाहिले, तेथे सावळ्या मुलीचे छायाचित्र लपवावे, ह्यासारखी विसंगती नाही. तिला सकाळच्या उजेडात ओसरीवर बसवा, तिच्याशी दोन गोष्टी बोला, ती मनापासून हसेल तेव्हा बटण दाबा. तो फोटो जसाच्या तसा पाठवा. जे घर तो पाहून येईल ते तिला पाहून परत जाणार नाही.

आता हाताच्या कौशल्याच्या काही गोष्टी. फोटो काढण्यापूर्वी भिंग मऊ सुती कापडाने हलकेच पुसावे. खिशात राहून त्यावर बोटांचा तेलकटपणा व धूळ बसलेली असते आणि सर्व चित्र धुरकट येते. बटण एकदम खाली दाबू नये. लहान कॅमेऱ्याचे बटण दोन टप्प्यांत चालते. अर्धे दाबले म्हणजे यंत्र अंतर व उजेड जुळवून घेते, तशी खूण पडद्यावर उमटते. मग उरलेले अर्धे दाबावे. पुष्कळ अस्पष्ट फोटोंचे मूळ ह्या एका घाईत असते. कोपरे छातीशी टेकवावीत, श्वास क्षणभर रोखावा. उजेड कमी असेल तर खांबाला टेकून उभे राहावे, किंवा कॅमेरा धान्याच्या पोत्यावर ठेवून दोन किंवा दहा सेकंदांनी आपोआप फोटो घेणारी कळ वापरावी. आयएसओ नावाचा आकडा हाताने ठरविता येत असेल तर दिवसा तो १०० किंवा २०० वर ठेवावा. तो जितका वाढवावा तितका चित्रात रवाळपणा येतो.

झूम दोन प्रकारचे असते. भिंग पुढेमागे सरकून होणारे ते खरे झूम. त्यापुढचे झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे होय. ते बंदच ठेवावे आणि दोन पावले पुढे चालत जावे. मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळ कॅमेरा नेऊ नये. नाक मोठे व कान लहान दिसू लागतात. पाच-सहा फुटांवर उभे राहून किंचित खरे झूम वापरले तर चेहरा आहे तसा येतो. एका माणसाचा फोटो काढताना कॅमेरा उभा धरावा. बसलेल्या आजीचा फोटो उभ्याने घेतला तर ती खुजी दिसते. आपणही तिच्यासमोर बसावे व कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. लहान मुलासाठी गुडघ्यावर यावे. मागे विजेचा खांब डोक्यातून उगवलेला नाही ना, वाळत घातलेले कपडे किंवा दिनदर्शिका चौकटीत आलेली नाही ना, हे बटण दाबण्यापूर्वी एकवार डोळ्यांनी फिरून पाहावे.

फ्लॅशविषयी मोठा गैरसमज आहे. लहान कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड फार तर दहा-बारा फुटांपर्यंत उपयोगी पडतो. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा उजेड चौथाई होतो, हा विज्ञानाचा नियम आहे. रात्रीच्या मांडवात मागच्या रांगेतून व्यासपीठाचा फोटो काढणाऱ्याचा फ्लॅश पुढच्या माणसांच्या टोप्या तेवढ्या उजळतो आणि व्यासपीठ अंधारात राहते. अशा वेळी पुढे जावे, नाही तर फोटोचा नाद सोडून कार्यक्रम पाहावा.

बाहेरगावी गेलो असता काढलेल्या फोटोंविषयी एकच सांगतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपण सर्वांनी पाहिले आहे. उल्कापाताने झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. २०२० च्या जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा कॅमेरे घेऊन पुष्कळ मंडळी धावली. परंतु काठावरून काढलेल्या फोटोत एवढे अफाट विवर एखाद्या गावतळ्यासारखे दिसते, कारण मोजण्यास जवळ काहीच नसते. तेव्हा फोटोच्या एका बाजूस, कड्यापासून सुरक्षित अंतरावर, घरातील एखादे माणूस उभे करावे. विवर किती मोठे ते कळेल, आणि पन्नास वर्षांनी त्या विवरापेक्षा त्या माणसाकडेच घरचे लोक अधिक पाहतील.

येथून आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. चौकटीत कोण असावे, हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, आपल्या मनाचा आहे. लग्नातील सामुदायिक फोटो नीट पाहा. पुढे खुर्च्यांवर मानकरी, मागे तरुण मंडळी, आणि स्त्रिया एका कडेला, निम्म्या पदराआड. ज्या घरात मुलाची आई विधवा आहे, तेथे ती बहुधा फोटोत नसतेच. ‘शुभकार्यात माझं काय काम’ असे म्हणून ती स्वयंपाकघरात किंवा कोठीच्या खोलीत बसते, आणि तिला कुणी आग्रहाने बाहेर आणीत नाही. ज्या मुलाला तिने एकटीने रोजमजुरी करून वाढविले, त्याच्या बोहल्यावरील एकाही चित्रात ती नाही. पुढे तिच्या निधनानंतर तोच मुलगा आमच्याकडे आधार कार्ड घेऊन येतो. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावाने मे २०२२ मध्ये विधवांवरील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींसही तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठराव कागदावरून घरात यावयाचा, तर त्याची सुरुवात ह्या फोटोपासून करता येईल. नवरदेवाने स्वतः उठून आईस हाताला धरून आणावे आणि पहिल्या रांगेत, मधोमध बसवावे. फोटो काढणाऱ्याने ती येईपर्यंत बटण दाबू नये.

वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींना फोटो आवडत नाही. फोटो काढल्याने आयुष्य उणे होते, असा जुन्यांचा एक समज होता. काहींना ‘आता ह्या वयात कशाला’ असा संकोच असतो. त्यांना नवे कपडे घालून, ताठ बसवून, हसण्यास सांगू नये. त्यांना त्यांच्या कामात असू द्यावे. आजी जात्याजवळ किंवा चुलीपुढे, आजोबा गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून, काका ऑक्टोबरात सोयाबीनच्या खळ्यावर. गाडगेबाबांची छायाचित्रे पाहावीत; अंगावरील चिंध्यांचा वेश आणि हातातील काठी यांवरून त्या महापुरुषाचे सारे आयुष्य कळून येते. आपल्या माणसांच्या हातातील वस्तूही अशाच बोलक्या असतात. हातांचाही एक स्वतंत्र फोटो घ्यावा. नांगर धरून वाकडी झालेली बोटे पुढच्या पिढीस दिसली पाहिजेत.

शेवटी काढलेल्या फोटोंच्या जतनाविषयी. फोटो यंत्रात राहिला तर यंत्राबरोबर जातो. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर म्हणा, घरातील निवडक पंधरा-वीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. चार इंच बाय सहा इंचाच्या उत्तम छपाईस सुमारे २० लाख ठिपके, म्हणजे दोन मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय बारा इंचांस सुमारे ९० लाख. कपाटातील जुना कॅमेरा कमी मेगापिक्सेलचा म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, नाते, गाव व साल लिहावे. बॉलपेनाचा दाब पुढून उमटतो. नावाविना फोटो दोन पिढ्यांत परका होतो. संगणकावरील प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी, शक्य तर दोन भावांच्या घरी ठेवाव्यात. आणि स्मरणिकेकरिता फोटो पाठविताना व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवू नये, कारण त्यात चित्राचा आकार घटतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. त्याचा फोटो काढून, पुन्हा त्या फोटोचा फोटो काढून तर मुळीच पाठवू नये.

बंधुभगिनींनो, आमचे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा चांगला फोटो आहे का, हे पाहावे. नसेल तर उद्या सकाळी, ऊन कोवळे असताना, तिला ओसरीवर बसवून तो काढावा. त्याकरिता सणाची किंवा पाहुण्यांची वाट पाहू नये. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत हयात असलेल्या वडीलधाऱ्यांच्या छायाचित्रांचे एक स्वतंत्र पान असावे, नावासह, गावासह व त्यांच्या एका-एका आठवणीसह, अशी सूचना आम्ही अध्यक्ष महाराजांपुढे ठेवतो. ते पान लावण्याचे काम आमच्याकडे द्यावे. ते आम्ही आनंदाने करू.